मुज्तबाभाईंची उघडणी

अहमदपूर हे गाव नांदेड आणि लातूर यांच्या जवळजवळ मध्यावर येतं, एवढ्याच कारणाने मंडळाची बैठक तिथे भरायची. दर दुसऱ्या महिन्याचा दुसरा रविवार. बसस्थानकामागे एका खताच्या दुकानाच्या माडीवर खोली होती. दुकानदार हा मंडळाचे अध्यक्ष संगमेश यांचा साडू, त्यामुळे खोली मिळायची. खताचा वासही मिळायचा. मुज्तबाभाई नांदेडहून सव्वासातच्या एसटीने निघत आणि सगळ्यांच्या आधी पोचत, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. कपाटात एक जुना संगणक होता. त्याला सगळे ‘कोरा’ म्हणत.

मंडळाचं पूर्ण नाव लांबलचक होतं: मुक्त संगणक-प्रणाली व्यावसायिक मंडळ, नांदेड-लातूर. सभासद नऊ. सगळे छोटे धंदेवाले. शाळा, वाचनालयं, दवाखाने, ग्रामपंचायती यांच्या संगणकांची कामं करणारे. उदगीरचं काम आलं आणि ज्याला आलं तो किनवटला अडकलेला असला, तर दुसऱ्याने करून द्यायचं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायची नाहीत. मोठं काम वाटून घ्यायचं. असं जाळं कुठल्याही धंद्यात असतं. या मंडळाचं वेगळेपण एका कलमात होतं: सभासद जे विकेल ते सगळं उघडं असेल. प्रोग्रामबरोबर त्याचा सोर्स, म्हणजे ज्या मजकुरातून तो तयार होतो तो मजकूर, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्याने तो वाचावा, दुसऱ्याकडून बदलून घ्यावा, शेजाऱ्याला द्यावा. कुणाची परवानगी लागू नये. उद्या दुकान बंद पडलं तरी गिऱ्हाइकाचं काम अडू नये.

कलम पाळलं जातं की नाही हे बघण्यासाठी ‘उघडणी’ होती. प्रत्येक बैठकीत डब्यातून चिठ्ठी काढून एकाचं नाव ठरे. पुढच्या बैठकीला त्याने गिऱ्हाइकाला दिलेल्या पेन ड्राइव्हची नक्कल आणायची. कोरा पुसून साफ करायचा, त्यात फक्त लिनक्स ही मूळ मोकळी प्रणाली टाकायची, इंटरनेटची तार लावायची नाही, आणि पेन ड्राइव्हवर जेवढं आहे तेवढ्यातूनच प्रोग्राम उभा करून दाखवायचा. चालला, की रजिस्टरात सही. एखादी बंद फाईल निघाली, की सभासदत्व त्या मिनिटाला संपलं. मुदत नाही, माफी नाही. हे कलम मुज्तबाभाईंनी लिहिलं होतं आणि उघडणीही तेच करत. अकरा वर्षं करत होते. या अकरा वर्षांत त्यांच्या नावाची चिठ्ठी डब्यात पडली नव्हती. परीक्षा घेणाऱ्याची परीक्षा घेणं बरं दिसत नाही, असं सगळ्यांना वाटे. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

मुज्तबाभाईंचं वय बावन्न. नांदेडच्या इतवारा मोहल्ल्यात जन्म, तिथेच घर, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. वडील गुलाम रसूल हे कातिब; एका उर्दू अखबारात बातम्या हाताने, सुंदर अक्षरात लिहून काढण्याचं काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. सत्त्याण्णव साली अखबारात संगणक आला. मालकाने कातिबांना सांगितलं, शिका किंवा घरी बसा. गुलाम रसूल पंचावन्नाव्या वर्षी की-बोर्ड शिकले. पानं लावण्याचा तो प्रोग्राम परराज्यातल्या एका कंपनीचा होता आणि तो चालायला संगणकाच्या मागे बोटाएवढं एक इलेक्ट्रॉनिक कुलूप खोचावं लागे. नऊ वर्षं अखबार त्यावर निघाला. मग एका उन्हाळ्यात विजेचा दाब वाढून ते कुलूप जळालं. कंपनीला पत्रं लिहिली, फोन केले. कंपनी केव्हाच बंद झाली होती. नऊ वर्षांची पानं संगणकात होती आणि कुणालाच उघडता येत नव्हती. मुज्तबाभाई तेव्हा चौतीस वर्षांचे, संगणक दुरुस्त करणारे. त्यांनी आठ महिने खटपट केली. एकही पान उघडलं नाही.

त्यानंतर त्यांनी बंद प्रोग्राम विकला नाही. लोक त्यांना हेकट म्हणत. पोलीस ठाण्याचं काम हातचं गेलं, दोन कॉलेजांचं गेलं. ते गिऱ्हाइकासमोर बसून तासभर समजावून सांगत, की फुकट मिळालेली चीज आणि मोकळी चीज यांत फरक आहे. फुकट देणारा कुलूपही फुकट देऊ शकतो. अर्धे लोक चहा पिऊन निघून जात. उरलेल्यांतून त्यांचं घर चालत होतं. 

मंडळातून आजवर एकच माणूस बाहेर गेला होता. देगलूरचे अण्णाराव. दोन हजार सतरा साली त्यांच्या उघडणीत बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची एक बंद फाईल सापडली. यंत्रासोबत आलेली, दोनशे केबीची. अण्णाराव म्हणाले होते, “मुज्तबाभाई, एवढीशी फाईल हाय ओ.” मुज्तबाभाई म्हणाले होते, “एवढीशी म्हणजे केवढी चालते, ते कलमात लिहिलेलं न्हाई.” अण्णारावांनी रजिस्टरात स्वतःच्या नावावर रेघ मारली. मंडळाकडून येणारी कामं बंद झाल्यावर वर्षा-दीड वर्षात त्यांचं दुकानही बंद झालं.

गेल्या पावसाळ्यात सुकन्या यांचा अर्ज आला.

सुकन्या मूळच्या शिरूर अनंतपाळच्या. लातुरात औसा रोडला त्यांची कंपनी. चौदा माणसं कामाला. दवाखान्यांसाठी त्यांनी प्रोग्राम केला होता: रुग्णांची नोंद, तपासण्या, रिपोर्ट. हा सगळा भाग त्यांनी उघडा ठेवला होता, सोर्स कुणालाही मिळत होता. मात्र रक्ततपासणीच्या यंत्रातून आकडे थेट संगणकात आणणारा जो तुकडा होता, तो बंद होता. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांची माहिती गुप्त ठेवण्याच्या करारावर दिली होती. सोर्स उघडा केला तर करार मोडणार.

एका धर्मादाय संस्थेचे दोन्ही जिल्ह्यांत मिळून अकरा दवाखाने होते. संस्थेला हा प्रोग्राम हवा होता, आणि तो बसवायला, सांभाळायला तालुक्या-तालुक्यात माणसं हवी होती. माणसं मंडळाकडे होती. सुकन्या मंडळात आल्या तर काम सगळ्यांना. नाही आल्या तर त्या दुसरीकडून माणसं घेणार होत्या. मंडळाची स्थिती अशी होती, की नऊपैकी तिघांना दिवाळीनंतर दुकान चालू ठेवायचं की नाही हा प्रश्न होता. शाळांची कामं आटली होती, लोकांचं सगळं फोनवर होऊ लागलं होतं.

जुलैच्या बैठकीत सुकन्या स्वतः आल्या. त्यांनी काही लपवलं नाही.

“आमच्या घरातल्या दहापैकी नऊ खोल्या उघड्या हायत,” त्या म्हणाल्या. “एकीला कुलूप हाय, ते बी आमच्या हौसेनं न्हाई. तुम्ही म्हणता उंबऱ्यात पाऊल टाकू नका.”

“घर तुमचं असतं तर माझी काय बात न्हवती,” मुज्तबाभाई म्हणाले. “घर दवाखान्याचं हाय, बाई. त्यांच्या घरात कुलूप तुमचं.”

“आणि कुलूप न्हाई लावलं, तर ती खोलीच न्हाई. मग आकडे हातानं टाका.”

“टाकून राहिलेच की लोक.”

“टाकून राहिलेत. चुकून बी राहिलेत.”

संगमेश मध्ये पडले. गोरटेले, पोट सुटलेले, सगळ्यांशी गोड बोलून वाद मिटवण्यात आयुष्य गेलेले. ते म्हणाले, “पुढच्या बैठकीत मत घेऊ. तवर घरी जाऊन इचार करा. आणि आता कुणी तरी भजी सांगा, माझा साडू खाली भज्यांची वाट बघून राहिलाय.”

बाहेर पडताना सुकन्यांनी सहज विचारलं, “भाईजी, सगळ्यांची उघडणी तुम्ही करता. तुमची कोण करतं?”

जिन्यावर नरसिंग होता, धर्माबादचा, मंडळातला सगळ्यात तरुण सभासद, तिशीतला. तो हसला. “चाचांची उघडणी डायरेक्ट वरच होणार, मॅडम.”

मुज्तबाभाई हसले नाहीत. “पुढच्या बैठकीत माझी करा,” ते म्हणाले. “मत नंतर घ्या, आधी माझी उघडणी. नरसिंग करील.”

घरी त्यांनी नाझनीनला हे सांगितलं. नाझनीन त्यांची बायको, त्या अकरांतल्याच एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. रोजचे साठ-सत्तर रिपोर्ट. यंत्राच्या पट्टीवरचे आकडे बघायचे आणि संगणकात हाताने टाकायचे. मे महिन्यात एका म्हातारीचं हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक दोनच्या ऐवजी एक पूर्णांक बारा पडलं होतं. तिच्या मुलांनी तिला त्याच दिवशी रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे दुसऱ्यांदा रक्त काढल्यावर खरं कळलं. कुणाचं काही बिघडलं नाही, पण नाझनीनला लेखी खुलासा द्यावा लागला.

“तुम्ही काय ठरवलंय?” तिने विचारलं.

“ठरवायचं काय त्यात? कलम हाय.”

“तुमच्या उसूलानं माझी बोटं दुखतात, ते लिहा कलमात.” ती पोळ्या लाटत होती. “ती बाई चोर हाय का?”

“न्हाई. साफ बोलते.”

“मग?”

“उद्या तिची कंपनी बंद पडली, तर तुमचे आकडे येतील का?”

“आज बी हातानंच टाकते. उद्या बी हातानंच टाकीन. बीचमध्ये चार साल आराम मिळाला तर तुमच्या पोटात का दुखतं?”

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. नऊ वर्षांची पानं हे ते उत्तर. पण ते तिने आजवर असंख्य वेळा ऐकलं होतं.

मतांचं गणित त्यांना माहीत होतं. संगमेश धरून चौघे बाजूने, चौघे विरुद्ध, नववं मत त्यांचं. सप्टेंबरच्या बैठकीआधीच्या आठवड्यात तिघांचे फोन आले. एकाने विनवलं, एकाने टोमणा मारला, एक नुसताच हवापाण्याचं बोलून थांबला. मुज्तबाभाईंनी तिघांनाही तेच सांगितलं, की मी विरुद्ध आहे.

उघडणीसाठी त्यांनी आपलं सगळ्यात जुनं आणि आवडतं काम निवडलं. उर्दू वाचनालयांचा प्रोग्राम. पुस्तकांची यादी, वाचकांची नोंद, पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायची चिठ्ठी, सगळं उर्दूत. दोन हजार नऊपासून हा प्रोग्राम चौदा ठिकाणी चालला होता. एकदाही कुणाची नोंद हरवली नव्हती.

सप्टेंबरच्या त्या रविवारी नऊही सभासद हजर होते. अर्जदार म्हणून सुकन्या भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. नरसिंगने कोरा पुसला, लिनक्स टाकलं, मुज्तबाभाईंचा पेन ड्राइव्ह लावला. पाऊण तासात प्रोग्राम सोर्समधून उभा राहिला. एकही चूक नाही. संगमेश म्हणाले, “बघा, याला म्हणतात काम,” आणि रजिस्टर पुढे ओढलं.

नरसिंगने प्रोग्राम चालू केला. पडदा उघडला. शीर्षक, रकाने, बटणं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त अक्षरं नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक रिकामा चौकोन.

“चाचा, उर्दू लई सोपी केली की तुम्ही,” नरसिंग म्हणाला. “सगळे चौकोनच. आता मला बी वाचता येते.”

खोलीत हसू पसरलं. मुज्तबाभाई पण हसले. “फॉन्ट न्हाई त्यात. तो मी नंतर टाकतो,” ते म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून दुसरा, छोटा पेन ड्राइव्ह काढून दिला. पंधरा वर्षं ते हेच करत आले होते. प्रोग्राम बसवायचा, आणि मग खिशातून तो छोटा पेन ड्राइव्ह काढून अक्षरं टाकायची. गाडी दुरुस्त झाल्यावर आरसा पुसावा तसं ते शेवटचं काम होतं.

नरसिंगने फाईल घेतली. उघडणीत कुठलीही नवी फाईल आली, की आधी तिची माहिती उघडून परवान्याचा मजकूर मोठ्याने वाचायचा, हा रिवाज होता. तोही मुज्तबाभाईंनीच घालून दिलेला. नरसिंग इंग्रजीतला मजकूर मनात वाचत मराठीत सांगू लागला, आणि दुसऱ्या वाक्याला त्याचा आवाज उतरला.

“फक्त वैयक्तिक वापरासाठी. बदल करू नये. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय… दुसऱ्याला देऊ नये.”

खाली दुकानात कोणी तरी पोतं टाकल्याचा आवाज आला.

मुज्तबाभाई उठून पडद्याजवळ गेले आणि चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो मजकूर स्वतः वाचला. तो त्यांनी पहिल्यांदाच वाचला. हा फॉन्ट त्यांना दोन हजार नऊ साली इंटरनेटवर सापडला होता, फुकट. त्या वर्षी चांगलं नस्तालिक, म्हणजे उर्दूचं तिरकं वळणदार अक्षर, संगणकावर दुर्मीळ होतं. त्यांनी पहिली ओळ टाकून बघितली होती आणि अब्बांना बोलावलं होतं. गुलाम रसूल तेव्हा थकले होते. त्यांनी ‘नून’ या अक्षराच्या पोटातला गोलावा बोटाने पडद्यावर फिरवून बघितला आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. कातिबाच्या घरात अक्षराची मालकी कुणी विचारत नसतं. जो लिहितो त्याचं अक्षर. प्रोग्रामची प्रत्येक फाईल तपासणाऱ्या माणसाला अक्षराचीही फाईल असते, हे दिसत असूनही सुचलं नव्हतं.

“फॉन्ट म्हणजे काय सॉफ्टवेअर हाय व्हय?” संगमेश म्हणाले. “अक्षर हाय ते. शाई. शाईचा कुठं सोर्स असतो?”

“फॉन्टला बी सोर्स असतो,” नरसिंग म्हणाला. मग ओशाळून, “आता मोकळे नस्तालिक फॉन्ट मिळतात, चाचा. दहा मिनिटांचं काम हाय. बदलून टाका, मी परत चालवतो.”

“हाव, बदला अन् सही करा,” दुसरा कोणी तरी म्हणाला. “चहा सांगा रे.”

“अण्णारावांना दहा मिनिटं दिली होती का?” मुज्तबाभाईंनी विचारलं.

त्यावर चहा सांगायला निघालेला माणूस परत बसला.

संगमेश जागचे उठले आणि त्यांच्याजवळ येऊन बसले. आवाज खाली आणून म्हणाले, “मुज्तबाभाई, ऐका. एक तोडगा निघतो. आपण दुसरी पायरी काढू. सहयोगी सभासद. ज्याचं बहुतेक उघडं अन् थोडं बंद, तो सहयोगी. तुमचा बी मान राहतो, बाईंचा बी अर्ज बसतो. कुणी हरत न्हाई.”

“थोडं म्हणजे केवढं?”

“आता ते परत नका सुरू करू, बाप्पा.”

“जुलैमध्ये मी या बाईंना म्हणालो, दवाखान्यात कुलूप तुमचं. चौदा वाचनालयांत माझं हाय. अन् त्यांनी निदान सांगून लावलं.”

हे त्यांनी शांतपणे, रिपोर्ट वाचावा तसं म्हटलं. मग रजिस्टर आपल्याकडे ओढलं, अनुक्रमांक दोन काढला, स्वतःच्या नावावर रेघ मारली आणि पुढे तारीख घातली. संगमेश “अहो, अहो” करत राहिले.

सुकन्या उभ्या राहिल्या. “भाईजी, आधी मत द्या, मग काय ते करा. तुम्ही विरुद्ध देणार हे मला माहीत हाय. तरी द्या. असं आत यायला मला बी बरं वाटणार न्हाई.”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून कलम न्हवतं लिहिलं, बाई.”

“चाचा, मत देऊन जा,” नरसिंग म्हणाला. त्याचं मत अर्जाविरुद्ध होतं आणि मतांचा हिशेब त्याने मनात केला होता. “तुम्ही न्हाई दिलं तर काय होतंय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

“मग?”

“जो सभासद न्हाई त्याचं मत मोजलं, तर ते मंडळ उघडं कसं?”

त्यांनी कपाटाची किल्ली रजिस्टरावर ठेवली आणि जिना उतरून खाली आले. खताच्या दुकानासमोर लाकडी बाक होता, त्यावर बसले. साडूने चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला. वर आवाज चढत होते, उतरत होते. वीसेक मिनिटांनी संगमेश खाली आले. त्यांना दम लागला होता.

“चार-चार,” ते म्हणाले.

“अन् अध्यक्षाचं निर्णायक मत.”

“हाव.” संगमेश बाकावर टेकले. “मुज्तबाभाई, तुम्ही ते मत दिलं असतं, तर मी तुमच्यावर चिडलो असतो. पण बाई बाहेर राहिली असती. तुमच्याच हातानं…”

“माहीत हाय.”

नांदेडची बस आली. तिला जागा होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. ऑक्टोबरात मंडळाच्या नावातला ‘मुक्त’ हा शब्द गेला, कारण आता सगळं मुक्त नाही, अशी संस्थेच्या वकिलाने हरकत घेतली. उघडणी ऐच्छिक झाली. अकरा दवाखान्यांचं काम सुरू झालं, जे तिघे दुकान बंद करणार होते त्यांनी केलं नाही. नरसिंगने राजीनामा देईन देईन म्हणत दिला नाही. त्याच्याकडे धर्माबाद आणि मुदखेड असे दोन दवाखाने आले. जानेवारीत नाझनीनच्या यंत्राला तार लागली. आकडे आपोआप येऊ लागले. ती घरी त्याबद्दल काही बोलली नाही. एकदा मुज्तबाभाईंनीच विचारलं, तेव्हा म्हणाली, “रिपोर्ट सही जातात आता.” ते म्हणाले, “अच्छा झालं,” आणि तसं ते झालंच होतं.

एके दिवशी त्यांनी अण्णारावांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. अण्णाराव मोबाईलची कव्हरं विकत होते. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्याने हसले.

“मुज्तबाभाई, माझी ती फाईल आठवती का, ठशाची? ती कंपनीनंच मोकळी केली की, चार वर्षं झाली. तुम्हाला वाटलं असंल मला माहीत न्हाई. मी बघत असतो अधूनमधून. ठेवू का? पोरगी कव्हर मागून राहिली.”

मंडळ सुटल्यावर कामं कमी झाली. जो वेळ मिळाला त्यात मुज्तबाभाईंनी चौदा ठिकाणी जाऊन फॉन्ट बदलायचं ठरवलं. दहा मिनिटांचं काम नव्हतं. नव्या मोकळ्या फॉन्टची अक्षरं उंच होती, दोन ओळींमध्ये जास्त जागा मागत. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीत लेखकाचं नाव मावत नव्हतं. खालची अर्धी ओळ कापली जाई. त्यांनी चिठ्ठीची मापं बदलली, मग छापायचा कागद बदलावा लागला, मग जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या चिकटवाव्या लागल्या. एकेका वाचनालयाला चार-चार दिवस. कंधारच्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, “पहिलं काय वाईट होतं? पोरांना ते वाचायची आदत हाय.” त्यांनी परवान्याची गोष्ट समजावली. मुख्याध्यापकांनी ऐकली आणि विचारलं, “मग इतकी सालं आम्ही गुनाह करत होतो का?” मुज्तबाभाई म्हणाले, “तुम्ही न्हाई. मी.”

मार्चमध्ये ते सकाळच्या गाडीने धर्माबादला गेले. तिथलं उर्दू वाचनालय जन्नतबी सांभाळतात. वय सत्तरच्या पुढे, दोन खोल्या, एकोणीसशे पुस्तकं, आणि दुपारी वाचायला येणाऱ्या सात-आठ बायका. चौदातलं हे शेवटचं ठिकाण. चौथ्या दिवशी दुपारी शेवटच्या कपाटाच्या चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. मुज्तबाभाईंनी संगणकातून जुनी अक्षरं काढून टाकली, परत एकदा शोधून खात्री केली आणि पेन ड्राइव्ह काढला.

“झालं, आपा. आता यातलं सगळं तुमचं. कुणाला बी द्या.”

जन्नतबी गोंदाची बाटली पुसत होत्या. “दिलंय की,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“हेच. प्रोग्राम. तुम्हीच म्हणाले होते, वाटा, वाटल्यानं कमी होत न्हाई. निजामाबादला माझी भाची हाय, तिच्या मदरशात दिला. अक्षरं बी दिली, नुसत्या चौकोनांचं ती काय करील? बोधनला दिला. बीदरहून एक मौलाना आले होते, त्यांनी पेन ड्राइव्हवर नेला. लई दुआ दिल्या त्यांनी.”

मुज्तबाभाईंनी खिशातून डायरी काढली. “नावं सांगा, आपा. सावकाश. निजामाबाद, बोधन, बीदर. आणखी?”

“आणखी उदगीर.” त्यांनी बोटं मोजली. “मग त्या मौलानांनी पुढं हैदराबादेत दिला म्हणे, सात-आठ जागी.”

“कुठं कुठं?”

“आता तिथून पुढचं मला कसं माहीत असणार, बाबा?” जन्नतबी म्हणाल्या आणि गोंदाच्या बाटलीला झाकण लावलं.